मार्गाचे टोक आणि पाटीवरील नाव : अमेरिकेतील आंतरराज्य महामार्ग क्रमांक ७०

अमेरिकेच्या मेरिलंड राज्यातील बाल्टिमोर शहराच्या पश्चिम वेशीपाशी आंतरराज्य महामार्ग क्रमांक ७० चा रस्ता संपतो. अथवा, पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिल्यास, तेथूनच तो सुरू होतो. या ठिकाणाहून पश्चिमेस निघणाऱ्या वाहनचालकांसाठी उभारलेल्या एका हिरव्या पाटीवर चार नावे आणि त्यांपुढे मैलांत चार अंतरे लिहिलेली आहेत : कोलंबस ४२०, सेंट लुईस ८४५, डेन्व्हर १,७००, कोव्ह फोर्ट २,२००. पहिली तीन नावे मोठ्या शहरांची आहेत आणि भूगोलाच्या सामान्य विद्यार्थ्यासही ती ठाऊक असतात. चौथे नाव मात्र शहराचे नव्हे, व्यवहारात ज्याला गाव म्हणतात तशा वस्तीचेही नव्हे. युटा राज्यातील कोव्ह फोर्ट ही इ. स. १८६७ मध्ये मॉर्मन पंथाचे प्रमुख ब्रिगॅम यंग यांच्या आज्ञेवरून आयरा हिंक्ली यांनी ज्वालामुखीच्या काळ्या दगडांत बांधलेली एक लहानशी गढी होय. फिलमोर आणि बीव्हर या दोन गावांमधील प्रवास एका दिवसात आटोपत नसे, म्हणून वाटसरूंना मुक्कामासाठी ती बांधली गेली. आज ती एक जतन केलेली ऐतिहासिक वास्तू आहे. दहा राज्यांतून सुमारे २,१५० मैल धावणाऱ्या राजमार्गाच्या दुसऱ्या टोकास अशा एका धर्मशाळेचे नाव यावे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, या पाटीच्या अलीकडचे टोक हेही कोणत्याच अर्थाने एखाद्या गंतव्य स्थानाचे टोक नाही. शहराच्या हद्दीपाशी एक वाहनतळ आहे. तेथे मोटार उभी करून बसने शहरात जावे, अशी सोय आहे. महामार्ग तेथेच थांबतो. त्यापुढे एका उद्यानाची झाडी आहे.

मराठीत रस्त्याचे नाव घेताना त्याची दोन्ही टोके आपोआप उच्चारली जातात. ‘पुणे-नाशिक रस्ता’ म्हटले की रस्ता कोठून निघतो व कोठे पोचतो हे निराळे सांगावे लागत नाही. क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्याचे तसे नसते. क्रमांक टोकांविषयी मूक असतो. टोके कोणीतरी ठरवावी लागतात, आणि ती ठरविली आहेत हे पाटीने सांगावे लागते. क्रमांक ७० ची दोन्ही टोके पाहिली असता असे दिसून येते की, टोक ही जमिनीवरची वस्तू नसून एखाद्या निर्णयाचा, कधी निर्णय रद्द झाल्याचा, राहिलेला ठसा होय. आणि पाटीची भाषा त्या निर्णयापेक्षा बहुधा दीर्घायुषी असते.

या मार्गजालाचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. इ. स. १९४४ च्या कायद्याने चाळीस हजार मैलांच्या आंतरराज्य मार्गांची कल्पना मान्य केली, परंतु पैशाची तरतूद केली नाही. ती २९ जून १९५६ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने झाली. लांबी ४१,००० मैल ठरली, आणि खर्चाचा नव्वद टक्के भाग मध्यवर्ती सरकारने उचलावयाचा, उरलेला दहा टक्के राज्याने, असा वाटा ठरला. पुढील सर्व हकिगतीत हे नव्वदास दहाचे प्रमाण ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण जो रस्ता एका रुपयातील दहा पैशांत मिळतो तो नको म्हणणे कोणत्याही राज्याला सोपे नसते.

‘इंटरस्टेट’ या शब्दाविषयीही थोडे सांगावयास हवे. त्याचा व्युत्पत्त्यर्थ ‘राज्याराज्यांच्या दरम्यानचा’ असा आहे. तथापि प्रशांत महासागरातील हवाई बेटांवरील महामार्गांनाही हेच नाव आहे, आणि तेथून दुसऱ्या कोणत्याही राज्यात रस्त्याने जाणे अर्थातच अशक्य आहे. म्हणजे येथे शब्द मार्गाच्या धावेचे वर्णन करीत नसून मार्ग कोणत्या योजनेतील, कोणाच्या पैशाचा, हे सांगतो. विशेषणाचे असे संज्ञेत रूपांतर सर्वच भाषांत होते. परंतु ते इतक्या अल्पावधीत आणि सरकारी पैशाच्या प्रभावाने घडल्याचे उदाहरण क्वचितच आढळेल.

क्रमांकांची पद्धती १९५७ मध्ये ठरली. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मार्गांना सम अंक, दक्षिणोत्तर जाणाऱ्यांना विषम. सम अंक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातात, विषम अंक पश्चिमेकडून पूर्वेकडे. इ. स. १९२६ मध्ये जुन्या राष्ट्रीय मार्गांना जे क्रमांक दिले होते त्यांचा क्रम याच्या नेमका उलट होता, आणि नव्या-जुन्यांत घोटाळा होऊ नये म्हणून हा उलटा क्रम मुद्दाम स्वीकारला गेला. ५० आणि ६० हे दोन अंक नव्या योजनेत मुळी वापरलेच नाहीत, कारण त्याच अंकांचे जुने मार्ग त्याच राज्यांतून जात होते. मैलांची मोजणी प्रत्येक राज्यात पश्चिम अथवा दक्षिण सीमेपाशी शून्यापासून सुरू होते. तेव्हा शास्त्रार्थाने क्रमांक ७० चा आरंभ युटामध्ये आहे आणि बाल्टिमोर येथे त्याचा शेवट आहे. परंतु मैलदर्शक खांबांच्या दृष्टीने पाहिले तर हा एकच मार्ग दहा वेळा आरंभ पावतो. बांधकामाच्या आरंभाविषयीही एकमत नाही. मिसूरी, कॅन्सस आणि पेनसिल्व्हेनिया ही तिन्ही राज्ये पहिल्या आंतरराज्य मार्गाचा मान स्वतःकडे घेतात : मिसूरी १९५६ च्या कायद्याखालील पहिल्या कंत्राटाच्या आधारावर, कॅन्सस पहिला तुकडा पुरा केल्याच्या आधारावर, आणि पेनसिल्व्हेनिया १९४० मध्येच खुल्या झालेल्या व पुढे या योजनेत सामावून घेतलेल्या आपल्या पथकर-मार्गाच्या आधारावर. ‘पहिला’ या शब्दाचा अर्थ कोणता घ्यावयाचा, एवढाच हा वाद आहे.

दिशावाचक शब्दांची गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला अधिक मनोरंजक वाटेल. पाटीवर क्रमांकाबरोबर पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण यांपैकी एक शब्द असतो. सामान्य मनुष्य तो होकायंत्राप्रमाणे वाचतो. वस्तुतः तो संपूर्ण मार्गाचा गुण असतो, मोटार ज्या क्षणी जेथे असेल तेथील दिशेचा नव्हे. कॅलिफोर्नियात बर्कलीनजीक खाडीच्या काठाने उत्तरेस जाणाऱ्या एकाच रस्त्यावर ‘८० पूर्व’ आणि ‘५८० पश्चिम’ अशा दोन्ही पाट्या एकत्र दिसतात, आणि दोन्ही नियमाने शुद्ध आहेत. न्यू जर्सी राज्यात ट्रेंटननजीक याहून विचित्र प्रकार २०१८ पर्यंत चालू होता. पूर्व किनाऱ्याचा मुख्य मार्ग क्रमांक ९५ तेथे रेखांकनाप्रमाणे पुढे बांधलाच गेला नाही. त्यामुळे ‘९५ उत्तर’ या पाटीखालून जाणारा प्रवासी कोठेही न वळता एका ठिकाणी ‘२९५ दक्षिण’ या पाटीखाली येत असे. रस्ता शहराला वळसा घालून खाली उतरू लागे म्हणून दक्षिण हा शब्द खरा. परंतु न्यू यॉर्कला निघालेल्या अनोळखी माणसाची त्यामुळे कोणती अवस्था होत असेल याची कल्पना करावी. पुढला नियोजित रस्ता १९८० च्या दशकाच्या आरंभी स्थानिक विरोधामुळे कायमचा रद्द झाला होता. अखेर २२ सप्टेंबर २०१८ रोजी पेनसिल्व्हेनियातील पथकर-मार्गाशी थेट जोड खुला झाला आणि ९५ हा क्रमांक तिकडे वळविण्यात आला. ट्रेंटनभोवतालच्या जुन्या रस्त्यास २९५ हा क्रमांक देण्यात आला, आणि त्याचा जो भाग पेनसिल्व्हेनियात जातो तेथे दिशाशब्दही बदलून पूर्व व पश्चिम असे लावण्यात आले. रस्ता तोच, डांबर तेच. नाव आणि दिशा मात्र पाटी बदलताच बदलल्या.

पाट्यांच्या रूपाचाही निर्णय असाच करावा लागला. लाल, निळ्या व पांढऱ्या रंगांची ढाल १९५७ मध्ये स्वीकारली गेली. मोठ्या मार्गदर्शक पाट्यांचा रंग कोणता असावा याविषयी मतभेद होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मेरिलंडमधील ग्रीनबेल्ट येथे, वाहतुकीस खुल्या न झालेल्या रस्त्यावर, हिरव्या, निळ्या व काळ्या रंगांच्या पाट्या उभारून वाहनचालकांची पसंती अजमावली गेली. ५८ टक्के लोकांनी हिरवा, २७ टक्क्यांनी निळा आणि १५ टक्क्यांनी काळा रंग निवडला. या प्रायोगिक पाट्यांवर खऱ्या गावांची नावे घालण्याचे कारण नव्हते. म्हणून त्यांवर ‘मेट्रोपोलिस’ आणि ‘युटोपिया’ ही नावे रंगविली होती. ग्रीक भाषेच्या आधारे टॉमस मूरने सोळाव्या शतकात घडविलेल्या ‘युटोपिया’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘नसलेले ठिकाण’ असा आहे, हे त्या पाट्या रंगविणाऱ्यांच्या मनात असेल असे मानण्याचे कारण नाही; तरी बाल्टिमोरची पुढील हकिगत वाचणाऱ्याला त्याची आठवण होणे अपरिहार्य आहे.

आता पश्चिम टोकाकडे वळावे. मूळ योजनेत क्रमांक ७० डेन्व्हर येथेच संपत होता. त्यापुढे रॉकी पर्वताची भिंत उभी आहे. कोलोराडो राज्याला हे मान्य नव्हते. राज्याचे गव्हर्नर एडविन जॉन्सन यांनी पर्वतापलीकडे मार्ग नेण्याचा हट्ट धरला. शेजारच्या युटा राज्याची अपेक्षा अशी की, मार्ग वाढलाच तर तो वायव्येस वळून राजधानी सॉल्ट लेक सिटीकडे यावा. परंतु १९५७ मध्ये वाढीव मार्ग मंजूर झाला तेव्हा तो सरळ नैर्ऋत्येकडे, जवळजवळ निर्जन प्रदेशातून नेऊन क्रमांक १५ ला जोडण्याचे ठरले. डेन्व्हर व दक्षिण कॅलिफोर्निया यांमधील अंतर कमी व्हावे, ही लष्करी नियोजनाची निकड येथे निर्णायक ठरली. क्रमांक १५ पुढे लास व्हेगासवरून लॉस एंजेलिसच्या दिशेने जातो. म्हणजे कोव्ह फोर्ट हे गंतव्य स्थान नसून केवळ सांधा होय. ज्या ठिकाणी सांधा पडला तेथे नाव देण्याजोगे दुसरे काहीच नव्हते, म्हणून गढीचे नाव पाटीवर चढले. शंभर वर्षांपूर्वी ज्या कारणासाठी तेथे धर्मशाळा बांधली, म्हणजे दूरच्या दोन ठिकाणांच्या मध्ये दुसरे काही नसणे, त्याच कारणासाठी ते नाव महामार्गाच्या उपयोगी पडले.

या टोकाशी पोचण्यास मार्गाला जे श्रम पडले ते साधे नव्हेत. युटातील ग्रीन रिव्हर ते सॅलिना या शंभराहून अधिक मैलांच्या टप्प्यात पेट्रोलचा पंप नाही, गाव नाही. ‘पुढे सोय नाही’ अशी सूचना देणाऱ्या पाट्या तेथे आहेत. सॅन राफेल स्वेल नावाच्या खडकाळ उंचवट्यातून जेथे पूर्वी रस्ता असा नव्हताच, तेथे १९७० मध्ये पहिली पट्टी खुली झाली आणि दुसरी पुरी होण्यास १९९० साल उजाडले. डेन्व्हरच्या पश्चिमेस पर्वताच्या पोटातून काढलेल्या बोगद्याचा पहिला भाग १९७३ मध्ये आयझेनहॉवर यांच्या नावाने व दुसरा १९७९ मध्ये जॉन्सन यांच्या नावाने खुला झाला. ग्लेनवुड दरीतील अखेरचा तुकडा १९९२ मध्ये पुरा झाला. निसर्गाने केलेला सर्व अडथळा येणेप्रमाणे पैसा आणि यंत्र यांनी जिंकला. ज्या दोन ठिकाणी मार्ग खरोखर अडला ती दोन्ही ठिकाणे सपाट आणि वस्तीची आहेत.

त्यांपैकी ब्रीझवुड या पेनसिल्व्हेनियातील ठिकाणाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. तेथे क्रमांक ७० पथकर-मार्गावरून उतरून दक्षिणेस मेरिलंडकडे जातो. पथकर-मार्गाशी थेट जोड मध्यवर्ती पैशाने बांधावयाचा तर कर्जफेड होताच पथकर बंद करण्याचे राज्याने मान्य करावे, अशी कायद्याची अट होती, आणि पथकर-मार्गाच्या चालकांना ती नको होती. परिणामी महामार्गाचे प्रवासी एक मैलाहून कमी अंतर जुन्या ३० क्रमांकाच्या रस्त्यावर येतात, पेट्रोलपंप, भोजनगृहे व लाल-हिरवे दिवे यांच्या गर्दीतून वाट काढतात आणि पुन्हा महामार्गावर चढतात. कायद्याची अट पुढे सैल झाली. तोपर्यंत त्या दिव्यांच्या आधाराने एक बाजारपेठ उभी राहिली होती.

बाल्टिमोरचे प्रकरण मात्र व्यापाराचे नव्हे. ते घरांचे आहे. शहराच्या मध्यातून पूर्व-पश्चिम द्रुतगती मार्ग काढण्याची कल्पना जुनी. न्यू यॉर्कचे प्रख्यात रस्तेबांधणीकार रॉबर्ट मोझेस यांनी १९४४ मध्येच तिचा आराखडा सादर केला होता. १९५६ नंतर नव्वद टक्के पैशाचे बळ मिळाल्यावर आराखड्यामागून आराखडे निघाले. त्यांचे सामान्य रूप असे की, क्रमांक ७० पश्चिमेकडून लीकिन पार्क या विस्तीर्ण वनोद्यानातून शहरात शिरावा आणि क्रमांक ९५ ला मिळावा. त्याचा एक फाटा फ्रँकलिन व मलबेरी या दोन समांतर रस्त्यांमधील पट्ट्यातून शहराच्या केंद्राकडे जावा. आणि बंदराच्या काठाने फेल्स पॉइंट या जुन्या वस्तीवरूनही मार्ग जावा. तिन्ही ठिकाणी विरोध झाला. परंतु तिन्ही विरोधांची फळे सारखी नव्हती, आणि या प्रकरणाचे मर्म त्यातच आहे.

विरोधकांनी आपल्या संघटनांना दिलेली नावे लक्षात घेण्याजोगी आहेत. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त संघटनेचे नाव ‘विध्वंसविरोधी चळवळ’ या अर्थाचे होते. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘मॅड’ म्हणजे ‘संतप्त’ (अथवा ‘वेडे’) असा शब्द होतो. उद्यानाच्या रक्षणासाठी झटणाऱ्यांनी तर अशी शब्दयोजना केली की आद्याक्षरांतून ‘व्होल्पी’ हे त्या वेळच्या परिवहन मंत्र्यांचेच आडनाव तयार व्हावे. ज्या योजनेची सारी भाषा क्रमांकांची व संक्षेपांची होती तिला तिच्याच भाषेत दिलेले हे उत्तर होते. फेल्स पॉइंटच्या बाजूच्या लढ्यातून बार्बरा मिकुल्स्की या सामाजिक कार्यकर्त्या पुढे आल्या. त्या १९८७ पासून २०१७ पर्यंत मेरिलंडच्या सिनेटर होत्या.

फेल्स पॉइंट १९६९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदीत आले आणि वाचले. उद्यानाला १९६६ च्या कायद्याचा आधार होता. सार्वजनिक उद्यानातून मार्ग न्यावयाचा तर दुसरा व्यवहार्य पर्याय नाही हे दाखविले पाहिजे, असे तो कायदा सांगतो. टेनेसी राज्यातील मेंफिस शहरात क्रमांक ४० ज्या ओव्हर्टन उद्यानातून जावयाचा होता त्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये हा कायदा कसोशीने पाळण्यास लावले, आणि तो मार्ग अखेर शहराच्या उत्तरेकडील वळणावर चढविण्यात आला. लीकिन पार्कमधील रेखांकनही १९८१ मध्ये सोडून देण्यात आले. फ्रँकलिन-मलबेरी पट्ट्यात मात्र राहणारे लोक बहुतांशी कृष्णवर्णीय होते. तेथे ऐतिहासिक म्हणून नोंदलेली वास्तू नव्हती, उद्यान नव्हते, केवळ घरे होती. रेखांकन पक्के होण्यापूर्वीच ती संपादित करून पाडण्यास आरंभ झाला. नऊशेंहून अधिक घरे गेली आणि सुमारे दीड हजार माणसे उठविली गेली. त्या मोकळ्या झालेल्या खंदकात दीड मैलाहूनही कमी लांबीचा, सहा पदरांचा मार्ग बांधून १९७९ मध्ये खुला करण्यात आला. त्याला क्रमांक १७० दिला होता. तीन अंकी क्रमांकातील शेवटचे दोन अंक हे मूळ मार्गाचे असतात. म्हणजे हा ७० चा फाटा असल्याचे पाटी सांगत होती. परंतु ७० तेथवर आलाच नाही. ज्याला जोडावयाचे तो मार्ग रद्द झाल्यावरही आठ वर्षांपर्यंत जोडाचा क्रमांक टिकला. १९८९ मध्ये तो काढून टाकण्यात आला.

या तुकड्याला शहरातील लोकांनी स्वतःच एक नाव दिले, आणि तेच रूढ झाले : ‘कोठेही न जाणारा महामार्ग’. सरकारी पाटीवर हे नाव कधी आले नाही. तथापि मार्गाचे टोक सांगणे हेच जर पाटीचे काम असेल, तर क्रमांक ७० च्या संपूर्ण लांबीत याहून नेमके नाव दुसरे आढळणार नाही. या शब्दांत केवळ उपहास आहे असे काही लेखकांना वाटते. ते मत अपुरे आहे. घर पाडण्यासाठी जे कारण सांगितले गेले होते ते ‘कोठेतरी जाणे’ हे होते. नाव त्या कारणालाच खोडून काढते. २०१० मध्ये या तुकड्याचे पश्चिमेकडील टोक थोडेसे मोडण्यात आले. बाकीचा खंदक व त्यावरील पूल राहिले.

नियोजित मार्ग कोठे जाणार होता हे नकाशा न पाहताही कळू शकते. क्रमांक ९५ शहराच्या नैर्ऋत्येस जेथून जातो तेथे कॅटन ॲव्हेन्यूजवळ ७० ला जोडण्यासाठी बांधलेल्या चढउतारांचे बुंधे अधांतरी सोडलेले आहेत. त्यांवर पाटी नाही. पश्चिमेस वाहनतळापाशी, पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवर शून्यापासून सुरू झालेली मैलांची मोजणी चालू राहून अखेरच्या निर्गमाला ९४ हा अंक मिळाला आहे. त्याच्या पुढचे अंक कोणत्याही खांबावर लिहिले गेले नाहीत.